गोलकीपरच्या बदल्यात जावई

मी मस्कतला गेले ती लेकीच्या बाळंतपणाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या तळवलीत अजून काही माणसं म्हणतात, की ही बाई विमानात बसून फुटबॉल क्लबचा कारभार बघायला गेली होती. कारभार मी तिथून बघितला हे खरं. पण तिकीट जावयाने काढलं होतं आणि ते बाळंतपणासाठी होतं.

क्लब आमच्या ह्यांचा. म्हणजे गावाचाच, पण सेक्रेटरी हे, खजिनदार हे आणि चेंडूत हवा भरणारेही हेच. सरकारने नवं शहर वसवायला जमिनी घेतल्या, तेव्हा गावातल्या निम्म्या माणसांना सकाळी उठून कुठे जायचं ते कळेनासं झालं. ह्यांना कारखान्यात काम लागलं, त्यामुळे सकाळचा प्रश्न मिटला. पण संध्याकाळ मोकळी पडली. शेत असताना संध्याकाळ मोकळी नसायची. मग कारखान्यातल्या एका साहेबाने ह्यांना जुना फुटबॉल दिला आणि ह्यांनी खाडीकडच्या भरावावर पोरं जमवली. गाव सगळं कबड्डीचं. फुटबॉल का, तर चेंडू फुकट मिळाला म्हणून. साहेबाने हॉकीची काठी दिली असती तर आमच्या गावात हॉकी झाली असती.

माझ्याकडे जर्सी धुवायचं काम आलं. मला कोणी विचारलं नाही. रविवारी मॅच झाली की सोमवारी आमच्या दारात दोरीवर अख्खी टीम उलटी टांगलेली असायची. येणारी-जाणारी बाई विचारायची, "काय गो, हरली का जिकली?" मी सांगायचे, "साबन तेवढाच लागतो."

टीममध्ये खरा खेळाडू एकच, आमचा गोलकीपर. तो माझा पुतण्या. माझा दीर आणि जाऊ लवकर गेले, तेव्हापासून तो आणि त्याची धाकटी बहीण आमच्याच घरात वाढले. उंच पोरगा, हात लांब, बोलणं जवळजवळ नाहीच. रविवारी सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडायचं आणि सोमवारी सकाळी तो कारखान्याच्या गेटवर रोजंदारीच्या रांगेत उभा असायचा. मुकादमाने आत घेतलं तर काम, नाही तर घरी. पंचविशी उलटली तरी असंच. चेंडू पकडून पोट भरत नाही, हे त्याला कळत होतं. ह्यांना कळत नव्हतं.

आता आमच्याकडे खेळाडूंची अदलाबदल कशी चालायची ते सांगते. लीग सुरू व्हायच्या आधी काही दिवस सह्यांचे असायचे. ज्या क्लबच्या कागदावर पोराने सही केली, त्या क्लबचा तो वर्षभर. मग त्या दिवसांत सगळे क्लब एकमेकांची पोरं फोडायचे आणि आपापली लपवायचे. एका वर्षी आम्ही आमचा लेफ्ट बॅक माझ्या माहेरी, नावड्याला, नेऊन ठेवला. माझ्या आईने त्याला पाहुणा समजून रोज तांदळाची भाकरी आणि बोंबील घातले. सह्या संपल्या तरी तो परत येईना. पुढच्या वर्षी त्याला कोणी मागितलंही नव्हतं, तरी तो आपणच पिशवी भरून नावड्याला लपायला गेला.

सगळ्यांत जास्त पोरं फोडायचा तो पलीकडच्या गावचा एक कंत्राटदार. कारखान्यांना माणसं पुरवायचा. त्याच्या गावचा क्लब म्हणजे त्याचाच क्लब. तो पोरांना नोकरीचं बोट दाखवायचा आणि पोरं जायची. त्याचा स्वतःचा मुलगा त्या क्लबचा सेंटर फॉरवर्ड होता, आणि घरात लग्नाची मुलगी होती. हे लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तर माझी लेक मस्कतला. जावई तिथे एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होता, वर चढत सुपरवायझर झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. पण तिथल्या डॉक्टरणीने विमानात बसायला मनाई केली. मग माहेरालाच तिकडे जावं लागलं. ते दिवस नेमके सह्यांच्या तोंडावर आले. मी जाते म्हटल्यावर ह्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, बायको परदेशी चालली म्हणून.

"मग जर्शा कोन धुनार?" हे म्हणाले.

"ज्यांनी घातल्यात ते."

"ते नाय धुवायचे गो."

"मग मळक्या घालून खेळा. समोरचे जवळ येनार नाईत."

मस्कतला मी सुकट, तांदळाचं पीठ आणि घरचा मसाला घेऊन उतरले. विमानतळावरच्या माणसाने सुकटीचं पुडकं उघडलं, वास घेतला आणि घाईने बंद करून माझ्या हातात दिलं. बाकीची बॅग त्याने उघडलीच नाही.

लेकीचं घर दोन खोल्यांचं. बाहेर भट्टी, आत एसी. शेजारी श्रीवर्धनकडची एक मुसलमान बाई राहायची. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला मावशी. तिची बोली आमच्यासारखीच, शेवट तेवढा वेगळा. तिच्या माहेरचं नाही तर सासरचं कोणी ना कोणी कायम विमानात असायचं. त्यामुळे आमच्या कॅसेटी तिच्याच माणसांबरोबर जायच्या-यायच्या.

कॅसेटींचं सांगायला हवं. मला लिहिता येतं, चौथी झालेली आहे. पण हे दोन ओळी लिहायला बसले की अर्धा दिवस पेन शोधण्यात जायचा. जावयाने मागच्या खेपेला घरी टेप आणून दिला होता, त्यात रेडिओही होता. मग पत्रांऐवजी कॅसेटीत बोलून पाठवायची पद्धत पडली. गल्फमध्ये माणूस असलेल्या सगळ्याच घरांत ती होती. आमच्या घरात तिला एक कायदा होता. आलेली कॅसेट आधी एकट्याने ऐकायची नाही. ओटीवर टेप ठेवायचा, शेजारीपाजारी बोलवायचे आणि सगळ्यांसमोरच पहिल्यांदा लावायची. एकदा ह्यांच्या बहिणीने आधी गुपचूप ऐकली, तर गावात चर्चा झाली की हिच्या मुलाने काहीतरी लपवण्यासारखं सांगितलंय. तेव्हापासून हे कॅसेट बंद पाकिटात ठेवायचे आणि नारळ फोडावा तशी चारचौघांत उघडायचे. कॅसेटीवर नाव-तारीख घालायची मात्र कोणाला सवय नव्हती. आवाज ओळखू येतो, नाव कशाला?

ह्यांची पहिली कॅसेट आली ती भाभीच्या दिराबरोबर. सुरुवातीला बराच वेळ कोंबड्या. मग खोकला. मग हे, रेडिओवर बातम्या देतात तसे.

"मी तळवलीवरून बोलतोय. इकडं सगलं ठीक हाय. आता क्लबची बातमी. राइट हाफ गेला. त्याच्या बदल्यात कोन आला नाय. लेफ्ट बॅक तुज्या माहेरीच हाय. दोन नंबरची जर्शी धुताना फाटली, ती कोनी धुतली ते कोन सांगत नाय."

लेक पोट धरून हसत होती. मी म्हटलं, गप बस, पुढे ऐकू दे.

"आता मोठी बातमी. कंत्राटदार स्वता आलेला. आपल्या गोलकीपरसाठी त्याची मुलगी सांगून आलाय. बोलतो, नोकरी लावतो. फक्त सही तिकडं पायजे. मी काय बोलू? पोराला इचारलं तर तो गप. तू सांग."

गोलकीपरला लग्नात गुंडाळून न्यायचं, असा तो डाव होता. मला भयंकर राग आला. त्याच दुपारी टेप पुढ्यात घेऊन मी एक कॅसेट भरली. जे तोंडाला आलं ते बोलले, काही शिल्लक ठेवलं नाही. जावई आतल्या खोलीत होता, तो बाहेर यायलाच धजला नाही. भाभीचा भाऊ दुसऱ्या दिवशी मुंबईला निघाला होता, त्याच्या हातात पाकीट दिलं.

राग उतरला तशी लेक बोलायला लागली. ती लहानपणापासून सरळ बोलते, माझ्यावर गेली आहे.

"आई, तो काय जन्मभर गोलात उभा राहणार का?"

"मग काय कंत्राटदाराचा घरगडी होनार?"

"नोकरी पक्की असेल तर काय वाईट? बाबांना टीम पायजे, तुला पोरगं घरात पायजे. त्याला काय पायजे ते कोनी इचारलंय?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. सुकट निवडत बसले. पण बोलणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाशी किती दिवस अबोला धरणार? त्यातून एसी असलेल्या घरात दार लावून रुसताही येत नाही, दारं आधीच लावलेली असतात.

मग मला साटंलोटं आठवलं. आमच्यात पूर्वी बरीच व्हायची. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची मुलगी तुमच्या घरात, देणं-घेणं फिटलं. कंत्राटदाराला आमचा गोलकीपर पाहिजे ना? मग त्याचा सेंटर फॉरवर्ड आमच्या क्लबाला द्यावा. त्याची मुलगी आमच्या पुतण्याला आणि आमची पुतणी त्याच्या मुलाला. मुली लग्न होऊन ज्या त्या घरी जातील, आणि खेळाडू उलट्या बाजूने. मी दुसरी कॅसेट भरली. शांतपणे, एकेक अट वेगळी सांगून. पोरीला आधी विचारा. ती नाही म्हणाली तर विषय संपला. आपल्या पोराची सही साखरपुड्याच्या आधी नको, पण सह्या संपायच्या आत पाहिजे. आणि पहिली कॅसेट रागात भरली होती, ती आता मनावर घेऊ नका.

ही कॅसेट जावयाच्या कंपनीतल्या एका माणसाबरोबर गेली. तो कोपरखैरण्याचा. उतरला त्याच दिवशी पाकीट आमच्या ओटीवर पोचलं.

भाभीचा भाऊ मात्र मुंबईत उतरून थेट श्रीवर्धनला गेला होता. तिकडे त्याच्या घरी लग्नकार्य निघालं, मग पावसाने छप्पर गळलं ते दुरुस्त करायचं निघालं. आमचं पाकीट त्याच्या बॅगेत. म्हणजे आधी भरलेली कॅसेट मागे राहिली आणि नंतर भरलेली पुढे पोचली. मला हे कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं, दोन्ही ऐकून झाल्या.

ह्यांचं उत्तर आलं ते एकदम आनंदात.

"तू सांगितलंस तसं केलं गो! कंत्राटदार पयला हसला, मग इचारात पडला, मग हो बोलला. त्याच्या पोराला त्याच्या टीममदी कोन पास देत नाय, म्हनून तोपन तयार हाय. आता पोरगी बोलते ते ऐक."

मग पुतणीचा आवाज. ती शिवणकाम करायची, तिच्या हाताला काम भरपूर होतं.

"काकी, मी बघितला त्याला. पोरगा बरा हाय. हेडिंग येत नाय, पन ते शिकता येईल. मी सांगितलंय, माजं मशीन मी घेऊन येनार आनि धंदा चालू ठेवनार. तो बोलला, ठेव. मी बोलली, तू नको बोलू, तुजे बाबा बोलू देत. मग ते पन बोलले. आता दादाचं बघा. तो काय बोलतच नाय."

'पहिली कॅसेट मनावर घेऊ नका' ह्याबद्दल ह्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मी समजले, नवऱ्याने पहिल्यांदा शहाणपणा केला.

मधल्या काळात लेक बाळंत झाली. मुलगा. तिला तिथल्या दवाखान्यात तिसऱ्याच दिवशी सफरचंद खायला दिलं, ह्यावर मी आणि डॉक्टरीण ह्यांच्यात जे झालं ते इथे सांगत नाही.

मग साखरपुड्याची कॅसेट आली. दोन्ही साखरपुडे एकाच दिवशी, आमच्याच ओटीवर. मला ऐकायला मिळावं म्हणून ह्यांनी शेजारचा टेप मागून आणला होता. एक आमचा, एक त्यांचा. शेजारच्या टेपवर सगळा कार्यक्रम भरायचा ठरलं होतं. आम्ही सगळे बसलो. लेक बाळाला पाजत होती, भाभी शेवया घेऊन आली होती, जावई जमिनीवर.

आधी बायकांची गाणी, भांड्यांचे आवाज, कोणीतरी कोणाला तरी 'आतली खुर्ची आन' म्हणत होतं. मग कंत्राटदाराचा घोगरा आवाज, "क्लब दोन असले तरी घर एकच." लोक हसले. बरं वाटलं. मग हे बोलायला उठले.

"मंडली, आजच मस्कतवरून आमच्या मालकिनीची कॅसेट आयली. आपल्या सगल्यांसाठी आशीर्वाद पाठवलाय तिनी. मी पन अजून ऐकला नाय. आपन सगले मिलून ऐकू."

मी लेकीकडे बघितलं. "मी कुठे आशीर्वाद पाठवला?"

भाभीचा हात शेवयांच्या भांड्यावर थांबला. "या अल्ला," ती म्हणाली. "भाई श्रीवर्धनवरून तवाच निघाला असंल."

टेपमधल्या टेपातून माझाच आवाज आला.

"ऐका. नीट ऐका, मी परत परत बोलनार नाय. त्या कंत्राटदाराच्या दावनीला आपलं पोरगं बांधू नका. नोकरी लावतो बोलतो, कसली नोकरी? त्याचा मागचा गोलकीपर आठवतो ना? बोट मोडलं, तर आठ दिवसांत त्याला गेटच्या बाहेर काढला. गोलात उभा हाय तोवर कामावर, आडवा पडला की घरी. ह्याला नोकरी बोलतात? आमच्या बैलाची पन ह्यापेक्षा पक्की होती."

माझ्या आवाजामागे ओटीवरची भांडी वाजायची थांबली. मग ह्यांचा घाईघाईचा आवाज, "बंद कर, बंद कर." खटखट झाली. कोणीतरी भलतंच बटण फिरवलं, कारण मी एकदम मोठ्याने बोलायला लागले.

"आनि तो मानूस बोलतो किती गोड! साखर संपली तर त्याला चहात बुडवावा. पोरगी दाखवून गोलकीपर न्यायला निघालाय. पोरीला काय बाजारातली कोलंबी समजतो? एकावर एक?"

जावई उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला हसू येत नव्हतं. दोन लग्नं त्या ओटीवर अडकली होती.

शेवटी कोणीतरी वायर ओढली असावी. माझा आवाज गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कंत्राटदार म्हणाला, "चला. निघायचं. हा काय मान झाला का?" बायका एकदम बोलायला लागल्या. हे म्हणत होते, "शेठ, थांबा, शेठ, ऐका तर, ती जुनी..." आणि खट्. कॅसेटची बाजू संपली.

आम्ही उलटून लावली. दुसऱ्या बाजूला जावयाने पूर्वी भरलेली कव्वाली होती.

जावयाने दुसऱ्या दिवशी गावात फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता, वाण्याच्या दुकानात होता. वाण्यानेच उचलला, तशी जावयाने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काकी का? मस्कतवरून? बोला बोला. तुमचा आवाज ऐकला आमी."

"कधी?"

"साखरपुड्यात. मी पन व्हतो. लय स्पष्ट आलता."

"साखरपुडा झाला का मोडला ते सांग."

"झाला. पन तुमच्यामुलं जेवनं उशिरा झाली. भजी थंड झाली. थांबा, काकांना बोलावतो."

तो गेला. मीटर पळत होतं, जावई घड्याळ बघत होता. हे आले, आणि आधी विचारलं, "नातू कसा हाय?"

"नातू बरा हाय. कंत्राटदार कुठं गेला?"

मग ह्यांनी सांगितलं. कंत्राटदार उठून पायात चपला घालत होता. त्याची बायको खुर्चीतून हललीच नाही. ती म्हणाली, "बसा. बाई खोटं काय बोलली? त्या बोट मोडलेल्या पोराची आई रोज आपल्या दारात येत व्हती, तवा तुमी मागच्या दारानं जात व्हता." दोन्ही गावांसमोर हे ऐकल्यावर कंत्राटदाराला चपला घालताही येईनात आणि काढताही येईनात.

आणि मग आमचा गोलकीपर बोलला. जन्मात पहिल्यांदा चार माणसांत बोलला. म्हणाला, "शेठ, काकी रागात बोलली. पन मना नोकरी कंपनीच्या कागदावर पायजे, तुमच्या कागदावर नाय. बोट मोडलं तरी राहील अशी. ती असंल तर सही तुमची. नाय तर मी हितंच बरा हाय, आनि तुमच्या पोरीला मी माझ्या तोंडानं सांगीन की माझ्याकडं काय नाय."

कंत्राटदाराची मुलगी आत माजघरात होती. ती तिथून ओरडली, "बाबा, ते बरोबर बोलतात." लग्नाआधीच नवऱ्याची बाजू घेतली म्हणून बायकांनी पुढे महिनाभर तिला चिडवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मॅनेजरकडं घेऊन जातो बोलला. सगल्यांसमोर बोलला. आता फिरला तर त्याच्याच गावात त्याला..."

तेवढ्यात फोन कटला. मी जावयाला म्हटलं, पुन्हा लावू नका. पुढचं मला कळलं.

कंत्राटदार फिरला नाही. बायको घरात असताना फिरणार कसा? पोराला कंपनीच्या शिक्क्याचा कागद मिळाला. सह्यांच्या शेवटच्या दिवशी त्याने तो खिशात घालून पलीकडच्या क्लबच्या कागदावर सही केली, आणि त्यांच्या सेंटर फॉरवर्डने आमच्या. लेफ्ट बॅक नावड्याहून परत आला तेव्हा त्याला कोणी सांगितलंही नव्हतं, की यंदा सगळं त्याच्याशिवाय उरकलं.

मी नातवाला अंगडं-टोपडं घालून, लेकीला तेल-पाणी करून परत आले. दोन्ही लग्नं झाली. पुतणी मशीन घेऊन गेली आणि टेम्पोत मी तिला मशीनसकटच बसवलं, कारण ती मशीनला सोडत नव्हती. पुतण्या बायकोसह कोपरखैरण्याला खोली घेऊन राहायला लागला, कंपनीची बस तिथून जाते म्हणून. घरात दोन ताटं कमी झाली. मी चार दिवस भात जास्त लावला, मग मोजून लावायला शिकले.

पावसाळा संपला आणि लीगमध्ये दोन्ही क्लबांची गाठ पडली. मी मॅचला सहसा जात नाही. त्या दिवशी गेले. आमचा नवा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आमचा जावई, चेंडू घेऊन सुटला आणि समोर गोलात आमचा पुतण्या. जावयाने चांगला मारला. खोटं कशाला बोलू, चांगलाच मारला. पुतण्याने आडवी उडी घेऊन तो बाहेर काढला. गोल झाला असता तर आम्ही जिंकलो असतो.

आणि हे, आमच्या क्लबचे सेक्रेटरी, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत उभे. "शाबास रं पोरा!" म्हणून ओरडले. आमची सगळी पोरं वळून ह्यांच्याकडे बघायला लागली. जावई कंबरेवर हात ठेवून बघत होता. पुतणी सासरच्या बायकांत बसली होती, तिने पदराने तोंड झाकलं. ह्यांना कळलं तेव्हा हात अजून वरच होते.

"खाली घ्या," मी म्हटलं. "तो त्यांचा हाय आता."

"सही त्यांची हाय. पोरगा आपला हाय."

"मग जेवायला त्याच्याकडंच जा."

मॅच सुटली आणि हे खरंच त्याच्याकडे गेले. कोपरखैरण्याला, नव्या सुनेच्या हातचं जेवायला. आल्यावर हे आपणच सांगायला लागले, कोलंबीत मीठ कमी होतं, भाकरी जाड होती, पण खोलीला खिडकी चांगली आहे, आणि भिंतीला तो कंपनीचा कागद काच लावून टांगलाय.

"वाचला का?" मी विचारलं.

"इंग्रजीत हाय," हे म्हणाले. "पन शिक्का गोल हाय. मी दोनदा बघितला."